पाच महिन्यांसाठी गाडी: भाड्याने घ्यावी, की जुनी विकत घ्यावी आणि जाताना विकावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कामानिमित्त पाच महिने दुसऱ्या ठिकाणी राहायचं आहे. रोजची ये-जा आहे आणि बस-रेल्वेने भागण्यासारखं नाही. पाच महिने गाडी भाड्याने घेतली तर जेवढे पैसे जातील, साधारण तेवढ्यातच एक जुनी गाडी विकत मिळते आहे. मग भाडं कशाला भरायचं? जुनी घेऊ, वापरू, जाताना विकून टाकू. हा हिशोब बरोबर आहे का?

निम्मा बरोबर आहे. जुन्या गाड्या तपासून देणं हे माझं काम, आणि त्याआधी काही वर्षं मी भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर होतो. त्यामुळे दोन्हीकडे पैसे कुठून गळतात ते जवळून पाहिलं आहे. भाड्यात गळती रोज थोडी थोडी होते आणि बिलावर दिसते. विकत घेतलेल्या गाडीत ती दोनच ठिकाणी होते, घेताना आणि विकताना. घेतानाची काळजी सगळे घेतात, मेकॅनिक घेऊन जातात, घासाघीस करतात. विकायचं मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, आणि खरा मार तिथेच बसतो. म्हणून मी विचारणाऱ्याला पहिला प्रश्न "किती महिने हवी?" असा करत नाही. "निघायची तारीख पक्की आहे का, आणि त्याआधी गाडी विकायला किती दिवस मिळतील?" हे आधी विचारतो.

आता आकडे. रुपये, डॉलर, युरो काहीही धरा, म्हणून महिन्याचं भाडं १०० मानू. गाडीची किंमत तुम्ही म्हणता त्याप्रमाणे ५००. नावावर करण्याचा खर्च १५, तपासणीचे ५, आणि घेतल्या घेतल्या करावं लागणारं काम, म्हणजे ऑईल, फिल्टर, बॅटरी, बहुतेक दोन टायर, याचे ५०. हे ७० परत येत नाहीत. दर महिन्याला विमा आणि कर मिळून १० आणि किरकोळ दुरुस्तीसाठी बाजूला काढायचे १०. पेट्रोल दोन्हीकडे लागतंच, ते सोडा. हे आकडे मी हिशोबासाठी धरलेत. तुमच्या ठिकाणचे दर घाला, पण हिशोबाची मांडणी हीच ठेवा.

निवांत वेळ काढून गाडी थेट वापरणाऱ्याला विकली आणि किमतीत दहा टक्के तुटले, तर एकूण खर्च २२०. घाईत डीलरला दिली आणि तीस टक्के तुटले, तर ३२०. भाडं ५००. म्हणजे घाईत विकूनही विकत घेणं स्वस्तच पडलं. मग प्रश्न कुठे आहे? तिसऱ्या शक्यतेत आहे. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस इंजिन किंवा गिअरबॉक्स गेला आणि दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या वर निघाली, तर ५०० गेले, वरचे ७० गेले, दोन महिन्यांचे ४० गेले, आणि उरलेले तीन महिने भाड्याची गाडी घ्यावीच लागली, तिचे ३००. एकूण ९१०. भंगाराचे जे काही येतील ते वजा करा.

दहातल्या सहा वेळा विक्री चांगली होईल, तीनदा घाईची, आणि एकदा गाडी मरेल असं धरलं, तर सरासरी ३२०च्या आसपास येते. भाड्यापेक्षा खूपच कमी. पण तुम्ही दहा गाड्या घेणार नाही, एकच घेणार आहात. ९१०चा फटका बसला तर महिन्याचं गणित कोलमडणार असेल, तर सरासरी तुमच्या उपयोगाची नाही. फटका सोसून पुढे जाता येत असेल, तर पाच महिन्यांसाठी विकत घेण्याकडे माझा कल आहे. हा कल पुढच्या अटी पाळल्या तरच टिकतो.

हेच आकडे कमी मुदतीला लावून बघा. न परतणारे ७० आणि विक्रीतली तूट मिळून चांगल्या परिस्थितीत १२०, घाईत २२०. दरमहा वाचतात ८०. म्हणजे चांगली विक्री झाली तर दीड महिन्यात बरोबरी, घाईची झाली तर पावणेतीन महिन्यांत. गाडी तीच, किंमत तीच, फक्त विक्री कशी झाली यावर बरोबरीचा मुहूर्त जवळपास दुप्पट लांबला. महिन्या-दीड महिन्यासाठी म्हणूनच विकत घ्यायच्या फंदात पडू नये. सहा महिन्यांच्या पुढे भाडं सहसा परवडत नाही. मधल्या पट्ट्यात निघण्याची तारीख आणि विक्रीचा वेळ ठरवतात.

आणखी एक गोष्ट आधीच तपासून घ्या: गाडी महिन्यातून किती दिवस खरोखर लागते? रोजचं जाणं-येणं कोणाबरोबर वाटून होत असेल आणि फक्त शनिवार-रविवारी गाडी हवी असेल, तर दोन्ही पर्याय सोडा. तेवढ्यापुरती टॅक्सी आणि अधूनमधून दोन दिवसांची भाड्याची गाडी यातच भागतं. पाच महिने दारात उभ्या राहणाऱ्या गाडीचे पैसे भरणारे कमी नाहीत.

भाड्याबद्दल काउंटरमागचं थोडं. जाहिरातीतला दर हा सुरुवातीचा दर असतो. दिवसाचा, आठवड्याचा आणि महिन्याचा दर वेगवेगळा असतो, आणि महिन्याचा दर तीस दिवसांच्या बेरजेपेक्षा बराच खाली येतो, पण मागितला तर. विमानतळावरच्या काउंटरवर अनेक ठिकाणी जादा आकार लागतो. तीच गाडी गावातल्या शाखेतून स्वस्त मिळू शकते. वय पंचवीसच्या आत असेल तर बऱ्याच देशांत तरुण चालकाचा अधिभार असतो, दुसऱ्या चालकाचं नाव घालायलाही पैसे घेतात. किलोमीटरची मर्यादा वाचल्याशिवाय सही करू नका. रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्याला ती मर्यादा महिनाअखेरीस टोचते.

सगळ्यात जास्त भांडणं नुकसानीवरून होतात. भाड्यात बऱ्याच ठिकाणी विमा धरलेला असतो, पण त्यात तुम्ही स्वतः भरायची एक रक्कम ठरलेली असते, तिला एक्सेस म्हणतात. बंपर खरचटला तरी त्या रकमेपर्यंतचं बिल तुमच्यावर येऊ शकतं. टायर, काचा आणि गाडीखालचा भाग अनेक करारांत या संरक्षणाच्या बाहेर ठेवलेला असतो. काउंटरवर जे जादा कवच विकायचा आग्रह होतो ते याच एक्सेससाठी असतं, आणि पाच महिन्यांच्या मुदतीत त्याची बेरीज भाड्याच्या तोंडात मारेल एवढी होऊ शकते. एक्सेसचा स्वतंत्र विमा बाहेरून मिळत असेल तर तो आधी विचारा. ताबा घेताना गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारत व्हिडिओ काढा, चारही चाकांच्या रिम जवळून, छत, पुढची काच, इंधनाचा काटा आणि किलोमीटर. परत देताना पुन्हा तेच. काउंटरमागे काम करत असताना मला हे व्हिडिओवाले ग्राहक आवडत नसत, यातच काय ते आलं.

भाड्याची खरी किंमत ज्याला मोजावी लागते त्याला काय मिळतं, तेही प्रामाणिकपणे सांगतो. गाडी रस्त्यात बंद पडली तर फोन करायचा, दुसरी येते. तारीख अलीकडे आली तर गाडी परत करायची, फार तर दर नव्याने लागतो. विकायची कटकट नाही, कागद नाहीत. एक दिवस उशीर झाला तर नोकरीवर बेतेल अशी ज्यांची स्थिती आहे, ज्यांचं पाच महिन्यांचं काम दोन महिन्यांतही आटोपू शकतं, किंवा ज्यांना सीमा ओलांडून दुसऱ्या देशात गाडी न्यायची आहे, त्यांनी भाड्याचे पैसे निमूट भरावेत. अर्थात सीमा ओलांडायची तर भाड्याच्या गाडीलाही कंपनीची लेखी परवानगी लागते.

आता विकत घ्यायचं ठरलं असं धरू. स्वस्त जुनी गाडी थोड्या काळासाठी घेणं परवडतं, कारण नवी गाडी पहिल्या तीन-चार वर्षांत किमतीने धाडकन घसरते आणि आठ-दहा वर्षांनंतर तो उतार जवळजवळ सपाट होतो. पाच महिन्यांत तिचं वय वाढून फारसं काही बिघडत नाही. तुटतात ते मधल्या माणसाचे पैसे. डीलर ज्या भावाने विकतो आणि ज्या भावाने घेतो त्यातलं अंतर हाच तुमचा घसारा. म्हणून मालकाकडून घ्या आणि वापरणाऱ्यालाच विका. डीलरकडून घेऊन डीलरलाच विकणाऱ्याने खरं तर महागडं भाडंच भरलेलं असतं, फक्त पावती वेगळी.

कोणती गाडी? दिसायला कंटाळवाणी. लहान पेट्रोल इंजिन, टर्बो नसलेलं, मॅन्युअल गिअर, रस्त्यावर दर दहावी गाडी दिसते असं मॉडेल, पांढरा-करडा असा रंग. जी गाडी घेताना मनात भरत नाही तीच विकताना लवकर जाते. स्वस्तातली महागडी गाडी, म्हणजे एके काळची आलिशान आणि आता तुमच्या बजेटात बसलेली, अजिबात नको. तिची किंमत उतरली तरी सुट्या भागांची उतरत नाही. जुनी ऑटोमॅटिक शक्यतो टाळा, विशेषतः सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच प्रकारच्या गिअरबॉक्सची, कारण त्यांचा एक बिघाड गाडीच्या किमतीएवढा होऊ शकतो. शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी जुनी डिझेलही नको, धूर गाळणारा फिल्टर असला तर तो अशा वापराने तुंबतो.

बघायला जाताना विक्रेत्याला सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर का, ते विचारा. गार इंजिनच खरं बोलतं. चालू होताना खडखड होऊन काही सेकंदांत थांबते की चालूच राहते, ऐका. मागे निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय, दाट काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरी वाफ गार हवेत सुरुवातीला येतेच, पण इंजिन तापल्यावरही ती दाट राहिली आणि गोडसर वास आला तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, आत शिरतोय. म्हणजे हेड गॅस्केटचं, इंजिन उघडायचं मोठं काम. ऑईलच्या झाकणाची आतली बाजू बघा. तिथे दुधाळ साय असेल तर शंका घ्या, मात्र फक्त छोट्या फेऱ्या झालेल्या गाडीतही थोडी साय जमते, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नका. रेडिएटरच्या टाकीत कूलंटवर तेलाचा तवंग दिसला तर मात्र नमस्कार करून निघा.

इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे मॉडेलवरून आधीच शोधून ठेवा. बेल्ट असेल तर तो बदलल्याचं बिल मागा. कंपनीनुसार तो साठ हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत केव्हाही बदलायचा असतो, वर वर्षांचीही मर्यादा असते. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि मामला संपतो. "बदललाय, बिल सापडत नाही" याचा अर्थ बदललेला नाही असाच धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करा.

टायरच्या कडेवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी बरी दिसत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलण्याच्या यादीत धरा. युरोप, ब्रिटन, भारत अशा बऱ्याच ठिकाणी नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण त्यावर पाच महिने रेटण्यात अर्थ नाही. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालक पैसे कसे खर्च करत होता तेही समजतं. एका बाजूने जास्त झिजलेला टायर म्हणजे अलाइनमेंट, सस्पेन्शन किंवा जुना अपघात.

पुरात बुडालेली गाडी ओळखायची एक सोपी युक्ती आहे. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. सगळे सीट चकाचक पुसतात, पण बेल्टचा आत गुंडाळलेला भाग पुसायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की समजायचं. मग स्टेपनीच्या खळग्यात गाळ आणि सीटच्या रुळांवर गंज आहे का ते बघा. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका, वायरिंगचे दोष आज एक, उद्या दुसरा असे निघत राहतात.

आणि स्कॅनर. अमेरिकेत १९९६पासूनच्या, युरोपात पेट्रोलच्या २००१पासूनच्या गाड्यांना ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडायचं, सॉकेट असतं, बहुतेक स्टीअरिंगखाली. मोबाईलला जोडणारा छोटा स्कॅनर स्वस्तात मिळतो. लोक फक्त "फॉल्ट कोड नाही" एवढं बघून खूश होतात. कोड नसणं महत्त्वाचं नाही, कारण ते दोन मिनिटांत पुसता येतात. स्कॅनरवर रेडिनेसचं पान उघडा. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की गाडीच्या स्वतःच्या चाचण्या "अपूर्ण" दाखवायला लागतात, आणि त्या पूर्ण व्हायला वेगवेगळ्या प्रकारचं काही दिवसांचं ड्रायव्हिंग लागतं. रोज वापरातली गाडी म्हणून सांगतात आणि निम्म्या चाचण्या अपूर्ण असतील, तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी इंजिनचा दिवा विझवलाय. "नवी बॅटरी टाकली" हे उत्तर येईल. मग बॅटरीचं बिल आणि तारीख बघा.

एवढं सगळं झाल्यावरही ज्याचा विक्रेत्याशी संबंध नाही अशा मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून तपासणी करून घ्याच. विक्रेता नको म्हणाला तर गाडी सोडा, कारण विचारण्यात वेळ घालवू नका.

कागदपत्रं देशागणिक बदलतात आणि थोड्या मुदतीत हाच भाग सर्वात जास्त दिवस खातो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१४पासून रोड टॅक्स गाडीबरोबर नव्या मालकाकडे जात नाही, घेतल्या क्षणी तुम्हाला स्वतःचा भरावा लागतो. पण तिथे गाडीच्या नंबरवरून एमओटी चाचण्यांचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. दर वर्षीचं मीटरचं रीडिंग आणि परीक्षकाचे शेरे वाचले की मीटर मागे फिरवलाय का हे बहुतेक वेळा कळतं. व्ही५सी हा तिथला नोंदणीचा कागद मालकीचा पुरावा नसतो, हेही तिथे लक्षात ठेवावं. जर्मनीत स्थानिक पत्ता आणि विमा असल्याची खूण म्हणून कंपनी देते तो ईव्हीबी क्रमांक असल्याशिवाय गाडी सहसा नावावर होत नाही, त्यामुळे हॉटेलात राहणाऱ्याचा प्रश्न तिथेच मिटतो. ऑस्ट्रेलियात नोंदणी राज्यनिहाय असते. एका राज्यात घेतलेली गाडी दुसऱ्या राज्यात विकायला जाल तर नव्या मालकाला पुनर्नोंदणी आणि तपासणीचा व्याप पडतो, आणि तो त्याचे पैसे तुमच्या भावातून कापतो.

भारतात राज्यातल्या राज्यात गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५, कायमची राज्याबाहेर न्यायची तर एनओसी. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा कमी काळ ठेवायची असेल तर पुनर्नोंदणी लागत नाही, म्हणून पाच महिन्यांसाठी आपल्याच राज्यातून घेतलेली गाडी तिकडे नेणं हा सोपा मार्ग आहे. परत येऊन ओळखीच्या बाजारात विकता येते. उलट तिकडे घेऊन तिकडेच विकायची तर आरसी नावावर होऊन हातात येईपर्यंत किती आठवडे जातात हे तिथल्या आरटीओत आधी विचारा. आरसी तुमच्या नावावर आली नाही, तर तुम्ही पुढे कायदेशीर विकणार काय? आणि भारतात भाड्याने घेणार असाल तर नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ओळखीत "महिन्यावर" देणारे बरेच असतात. खासगी विमा पॉलिसीत भाड्याने देणं बसत नाही, त्यामुळे अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते.

विम्याबद्दल लोक एक गफलत करतात. गाडीची किंमत कमी आहे म्हणून फक्त थर्ड पार्टी घेणं शहाणपणाचं असू शकतं, कारण स्वतःची गाडी गेली तर तिच्या किमतीएवढंच जाईल. पण दुसऱ्याचं झालेलं नुकसान तुमच्या गाडीच्या किमतीवर ठरत नाही. न्यूझीलंडसारख्या देशात दुसऱ्याच्या मालमत्तेसाठीचा विमा सक्तीचा नाही, तरीही तिथे तो न घेता गाडी चालवणं मी कोणालाही सुचवणार नाही. वर्षाची पॉलिसी घेऊन पाच महिन्यांनी रद्द केली तर उरलेल्या सात महिन्यांचे पूर्ण पैसे परत येतीलच असं नाही. अल्पमुदतीचा दर लावून बरेच कापतात, तेव्हा रद्द करण्याचा तक्ता घेतानाच मागा. रस्त्यावरची मदत मात्र जरूर घ्या, जुन्या गाडीत तीच पहिल्यांदा कामी येते.

आता विक्री. जाण्याच्या महिनाभर आधी जाहिरात टाका. पाच महिन्यांतच का विकताय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारणार, कारण बिघडलेली गाडी लोक अशीच घाईने पुढे ढकलतात. त्याला तोंडी उत्तर पुरत नाही. पहिल्या दिवसापासून एक फाईल ठेवा: घेतल्याची पावती, मेकॅनिकचा तपासणी अहवाल, टायर-बॅटरीची बिलं, आणि कामाची मुदत संपल्याचं पत्र. ही फाईल समोर ठेवली की घासाघीस निम्म्यावर येते. डेंटिंग-पेंटिंगवर खर्च करू नका, नवा रंग बघून लोक उलट पुट्टी शोधायला लागतात. आतून-बाहेरून नीट धुवा, एवढंच. तपासणीचं प्रमाणपत्र किंवा विम्याची मुदत महिन्याभरात संपत असेल तर ती वाढवून विकणं बहुतेक वेळा फायद्याचं पडतं.

हंगामही बघा. जिथे बाहेरची माणसं एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी जातात, मग ते विद्यापीठाचं गाव असो की सुट्टीत काम करत फिरणाऱ्यांचा देश, तिथे सत्राच्या सुरुवातीला भाव चढतात आणि शेवटी पडतात. तुम्ही त्यांच्याच बरोबर येत-जात असाल तर दोन्ही वेळा उलट्या बाजूला सापडता. सत्र संपताना निघणाऱ्या कुणाकडून घेता आली तर उत्तम.

मी स्वतः बहुतेकांना जो मार्ग सुचवतो तो सरमिसळीचा आहे. गेल्या गेल्या पहिले दहा-बारा दिवस गाडी भाड्याने घ्या. त्या काळात रोजचा रस्ता, पार्किंग, अंतर कळतं आणि घाईत पहिलीच दिसलेली गाडी गळ्यात पडत नाही. शेवटीही तसंच. निघायच्या दोन आठवडे आधीपासून जो बऱ्या भावाने येईल त्याला गाडी देऊन टाका आणि उरलेले दिवस पुन्हा भाड्याने काढा. वरच्या हिशोबात महिन्याचं भाडं १०० आहे. सुटे आठवडे महिन्याच्या दराने मिळत नाहीत, म्हणून दोन्ही टोकं मिळून १०० ते १२० धरा. सुरुवातीला हे जास्तीचे वाटतात. पण चांगल्या आणि घाईच्या विक्रीतला फरकच १०० आहे, आणि चुकीची गाडी घेतल्याचा फटका त्याच्या कितीतरी वर. शेवटच्या दिवशी ग्राहक नसताना डीलर जो भाव सांगतो तो ऐकला की हे पैसे आठवत नाहीत.

ओळखीच्या डीलरने "जाताना मीच परत घेईन" असं सांगितलं तर वाईट नाही, पण ते कागदावर घ्या: कोणत्या तारखेपर्यंत, किती किलोमीटरपर्यंत, किती रकमेला, आणि काय बिघाड झाला तर रक्कम कमी होईल. "बाजारभावाने घेऊ" हे वाक्य कराराच्या कागदावर असलं तरी त्याला किंमत नाही.

ज्या दिवशी गाडी द्याल त्या दिवशी पैसे तुमच्या बँकेच्या खात्यात दिसल्याशिवाय चावी देऊ नका. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून निघून जाणं तर अजिबात नको. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून पुढे गेलेली असो. इतर अनेक ठिकाणीही दंडाची नोटीस नोंदीतल्या नावावरच येते. म्हणून हस्तांतराचा अर्ज दाखल झाल्याची पोच, नव्या मालकाच्या ओळखपत्राची प्रत, आणि तारीख-वेळ-किलोमीटर लिहून दोघांनी सही केलेला कागद, या तिन्ही गोष्टी निघण्यापूर्वी तुमच्या हातात हव्यात. टोलचा टॅग काढून बंद करा, विमा कंपनीला कळवा, आणि पार्किंगचा मासिक पास त्या नंबरवर असेल तर तोही रद्द करा.